टायटनवर वसाहत वसवायला लागलेले अठरा महिने

मी भोसरीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. बोल्ट, बेअरिंग, सील, ग्रीस, हातमोजे. चौदा वर्षं झाली. विज्ञान बारावीनंतर सुटलं आणि लेखन म्हणाल तर दिवाळी अंकांत आलेल्या दोन कथा, त्यातली एक मानधनाशिवाय. त्यामुळे शनीच्या चंद्रावर घडणारी आठ भागांची मालिका तू लिहिशील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे आधी मालाचं चलन मागितलं असतं.

ती लिहून झाली. ‘झाली’ म्हणजे नेमकं काय ते आधीच सांगते, कारण लोक लगेच विचारतात, कुठे लागते? कुठेही लागत नाही. हातात आहे ते असं: मालिकेचा ६४ पानांचा आराखडा (या धंद्यात त्याला बायबल म्हणतात), आठही भागांचे कथासार, पहिल्या भागाची पूर्ण संहिता, त्या भागाचं ध्वनिमुद्रण आणि गेल्या आठवड्यात ईमेलने आलेलं कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र. यातलं काय आधी करायचं आणि काय नंतर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात २५ जुलै २०२४ ची. त्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. फोनवर व्हिडिओ फिरत होते, होडीतून म्हाताऱ्यांना काढताहेत वगैरे. मी आत्याला फोन केला. ती गोखलेनगरला राहते, टेकडीच्या अंगाला, तिथे नदीचं पाणी येण्याचा प्रश्नच नाही. तरी ती पहाटेपासून जागी होती.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती आणि घर नारायण पेठेत. ती गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या दिवशी मात्र तिने पुराबद्दल काहीच सांगितलं नाही, पुरानंतरचं सांगितलं. काही दिवस शाळेच्या वर्गात काढले, मग गावाबाहेर पत्र्याच्या अर्धगोल खोल्या मिळाल्या. निसन हट म्हणत. “मोठं पिंप उभं चिरून आडवं पालथं घातल्यासारखं घर. भिंतच नाही, नुसतं छप्पर जमिनीपर्यंत आलेलं. कपाट टेकवायला सरळ बाजू नाही.” आणि मग म्हणाली, “तात्पुरतं म्हणून दिलं होतं गं. माझं लग्न त्याच पत्र्यातून झालं.”

फोन ठेवला आणि डोक्यात एकच आलं. परग्रहावरच्या वसाहतींची चित्रं काढतात त्यांत घरं अगदी याच आकाराची असतात. चित्र काढणारे लोक त्या घुमटांत काचेचे मजले दाखवतात, भाजीचे मळे दाखवतात. पण कपाट कुठे टेकवायचं आणि जागा कुणाच्या नावावर, हे कुणी दाखवत नाही. पुण्यात पूरग्रस्तांच्या सोसायट्यांचा जागा मालकीच्या करून घेण्यासाठीचा पत्रव्यवहार कित्येक दशकं चालला. आजोबांच्या ट्रंकेत त्याची एक जाडजूड फाइल होती. मला मालिकेचं नाव त्याच दिवशी मिळालं: ‘तात्पुरती वसाहत क्रमांक ४’. बाकी सगळं मिळायला दीड वर्ष लागलं.

ऑगस्टमध्ये मी माझ्या कॉलेजच्या मित्राला गाठलं. तो कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा हट्ट मंगळाचा होता. तो म्हणाला, मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. भिंतीला भोक पडलं की काय होणार ते प्रेक्षकाला आधीच पाठ आहे. दुसरीकडे जाऊ. चार रविवार भांडून आम्ही टायटनवर पोचलो.

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र, बुधापेक्षाही मोठा. १६५५ साली क्रिस्तियान हायगेन्सला तो दिसला आणि त्याच्याच नावाचं यान १४ जानेवारी २००५ रोजी तिथे उतरलं. त्या यानाने पाठवलेला जमिनीवरचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मुठेचं पात्रच आठवलं. नारिंगी उजेड आणि घासून गोल झालेले गोटे. गोटे पाण्याच्या बर्फाचे. तिथल्या उणे १७९ अंशांत बर्फ दगडासारखा टणक असतो, आणि पाऊस, नद्या, समुद्र हे सगळं द्रवरूप मिथेन-इथेनचं.

गंमत म्हणजे तिथे हवेचा दाब आपल्या दीडपट आहे. फुगलेला अवकाशपोशाख लागत नाही. लागतो तो भरपूर गरम कोट आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. दाराला फट राहिली तर माणसं बाहेर खेचली जात नाहीत. घर हळूहळू गार पडतं आणि आत मिथेन जमत जातो. म्हणजे सिलिंडर लीक झालेल्या स्वयंपाकघरासारखं. ही भीती आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही! फरक एवढाच की मिथेनला स्वतःचा वास नसतो. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला तो मुद्दाम घातलेला असतो. त्यामुळे आमच्या वसाहतीत रोज रात्री झोपण्याआधी दाराच्या सीलवरून बोट फिरवून पाहायची पद्धत आली. घरातली मोठी मुलगी हे काम करते. देवापुढे दिवा लावतात तसं.

आणि सील म्हटल्यावर मी माझ्या घरात आले.

हायगेन्सला सोबत घेऊन गेलेलं कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ ला उडालं आणि १ जुलै २००४ ला शनीपाशी पोचलं. पावणेसात वर्षं. मित्राने हे नुसतं बोलता बोलता सांगितलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे एका आयात सीलचा लीड टाइम, म्हणजे मागवल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, चौदा आठवडे आहे, त्यावर मी महिन्यातून दोनदा रडते. इथे आज इंडेंट (मागणीपत्र) टाकला तर आज जन्मलेलं मूल पहिलीत जाईल तेव्हा माल गेटवर! रिऑर्डर लेव्हल, म्हणजे किती माल उरला की पुन्हा मागवायचा, ती काय ठेवायची? नॉन-मूव्हिंग म्हणून, म्हणजे कुणी मागत नाही म्हणून, भंगारात काढलेली वस्तू चौथ्या वर्षी लागली तर? तोवर आमची नायिका वैमानिक होती, छान केस कापलेली. त्या संध्याकाळी ती वसाहतीची स्टोअरकीपर झाली. पहिल्या भागाचा प्रसंगही तिथेच ठरला: सात वर्षांनी आलेला कंटेनर उघडतात आणि दाराची सील्स ४० मिलिमीटरऐवजी ४५ ची निघतात. इंडेंट ज्याने भरला तो मागचा स्टोअरकीपर वारलेला. त्याची मुलगी आता नायिकेच्या हाताखाली कामाला.

आणखी एक गोष्ट आयती सापडली, तिचा मला अजून आनंद होतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. साडेसाती येते ती इथूनच. आता टायटनचे ऋतू शनीच्या वर्षाला बांधलेले. चार ऋतूंत तीच साडेएकोणतीस वर्षं वाटली तर एकेक ऋतू साडेसात वर्षांना थोडा कमी. बारातल्या तीन राशी म्हणजेही चतुर्थांश आणि चारातला एक ऋतू म्हणजेही चतुर्थांश! मित्राने अमृततुल्यच्या बिलामागे भागाकार करून दाखवला. आमच्या वसाहतीतले लोक मग ऋतूलाच साडेसाती म्हणू लागले. “मी मागच्या साडेसातीत इथे आले,” असं म्हातारी म्हणते आणि नवीन माणसाला वाटतं, हिचं काहीतरी वाईट झालं. दिवाळीपर्यंत मी हवेत होते.

मग चार महिने काहीच झालं नाही. म्हणजे लिहिलं भरपूर. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आराखडा ११० पानांचा झाला, आणि त्यातली साठ-सत्तर पानं यंत्रांची. अणुभट्टी कशी, बर्फातून ऑक्सिजन कसा काढतात, लिफ्ट किती वजन उचलते. मी ते नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने दोन दिवसांनी विचारलं, “यात माणसं कधी येतात?” राग आला, दोन दिवस बोलले नाही, मग पानं काढून टाकायला बसले.

ती काढताना एक युक्ती सापडली, ती कुणालाही उपयोगी पडेल. यंत्रांची वर्णनं काढून त्यांच्या जागी एकच पान लिहिलं, ‘इथे काय करता येत नाही’. उघड्यावर मास्कशिवाय बोलता येत नाही. पृथ्वीशी संभाषण करता येत नाही, फक्त निरोप धाडता येतो. सूर्योदयावर घड्याळ लावता येत नाही, कारण टायटनचा दिवस आपल्या जवळजवळ सोळा दिवसांचा. शनी आकाशात एकाच जागी टांगलेला असतो, पण दाट धुरक्यामुळे जमिनीवरून दिसत नाही. परत जाता येत नाही, कारण परतीचं यान मंजूर आहे, आलेलं नाही. हे एक पान भिंतीवर चिकटवलं आणि पुढचे प्रसंग त्यातूनच सुचत गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनानिमित्त आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते, तेव्हा गणेशखिंडीला गेले. शाळेच्या पोरांची ही रांग. मी वही घेऊन एका संशोधक विद्यार्थ्यापाशी उभी राहिले आणि अख्खी गोष्ट सांगायला लागले. त्याचे डोळे दुसऱ्या मिनिटाला माझ्या मागच्या रांगेकडे. तेव्हा गोष्ट सोडली आणि एकच प्रश्न विचारला: बर्फावर घर बांधलं तर काय बिघडेल? तो एकदम जागा झाला. म्हणाला, “घर आतून गरम ठेवणार ना तुम्ही? मग खालचा बर्फ वितळणार. घर खचणार.” सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये गोठलेल्या जमिनीवरच्या इमारती खांबांवर उचलून बांधतात, हेही त्यानेच सांगितलं. पाच मिनिटांत मला तिसरा भाग मिळाला: तात्पुरती म्हणून खांबांशिवाय ठेवलेली घरं बावीस वर्षांत दीड फूट खचलेली आहेत, आणि खांब मंजूर करायचे तर आधी वसाहत कायमची असल्याचं मान्य करावं लागतं. तज्ज्ञाकडे जाताना गोष्ट घरी ठेवून एकच छोटा प्रश्न न्यावा, हे मी तेव्हापासून पाळते.

२० मेला जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून; आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. आपलं नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून. मला माझ्या खऱ्या नावावर कथा पाठवली तरी कुणी ओळखत नाही, त्यामुळे ती अडचण नव्हती. तरी त्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर न जेवता पहाटेपर्यंत बसून सहावा भाग संपवला.

जून २०२५ मध्ये ६४ पानं झाली. आता कागदपत्रं. इथे जरा सावकाश वाचा, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले.

आधी आमच्या दोघांतला करार. मित्राला तो अपमान वाटला. “आपल्यात कसला स्टॅम्प पेपर?” मी म्हटलं, तुझ्या बायकोला आणि माझ्या नवऱ्याला पुढे भांडायला लागू नये म्हणून. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराचा स्टॅम्प पेपर इतिहासजमा झाला आहे, करारनाम्याला किमान पाचशेचा लागतो. नोटरीचे अडीचशे वेगळे. दोन पानांच्या करारात काय लिहिलं? श्रेय दोघांचं, पैसा निम्मा निम्मा. श्राव्य, दृश्य आणि पुस्तक हे तीन हक्क वेगवेगळे. दोघांच्या सहीशिवाय कुणालाही द्यायचे नाहीत. एकाने मध्येच सोडलं तर दुसऱ्याने पुढे लिहायची मुभा. हे शेवटचं कलम लिहिताना आम्ही दोघंही खिडकीबाहेर पाहत होतो.

मग नोंदणी. दोन रस्ते आहेत आणि मी दोन्ही केले. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद झालं की संहिता ऑनलाइन नोंदवता येते आणि पुरावा लगेच हातात पडतो. कुणाला भेटायला जायचं असेल तर आधी हे करावं. दुसरा रस्ता दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाचा, तोही ऑनलाइन. साहित्यकृतीला पाचशे रुपये. अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी तीस दिवस तो तसाच ठेवतात, त्यानंतर तपासणी. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्या क्षणी हक्क तुमचाच असतो, हयातभर आणि पुढे साठ वर्षं. प्रमाणपत्र फक्त वाद झाला तर कामाला येतं.

आणि कल्पनेला संरक्षण नसतं. ‘टायटनवर मराठी वसाहत’ ही कल्पना हे वाचून उद्या कुणीही घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नाही, ते ज्या रूपात मांडलं त्यावर आहे. त्यामुळे चार ओळींची कल्पना नोंदवायला धावू नका. पात्रं, प्रसंग, संवाद जितके भरून लिहाल तितकं ते तुमचं.

४ ऑगस्टला अर्ज केला. तीस दिवस झाले, चाळीस झाले. रोज रात्री भांडी आवरली की डायरी क्रमांक टाकून स्थिती बघायची, ही सवयच लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं, त्रुटी असल्याचं. अर्जात नाव लिहिलं होतं ‘तात्पुरती वसाहत क्र. ४’ आणि पीडीएफच्या मुखपृष्ठावर होतं ‘तात्पुरती वसाहत क्रमांक चार’. शिवाय सहलेखकाच्या ना-हरकत पत्राच्या दुसऱ्या पानावर सही नाही. चलनावरचं वर्णन आणि पीओवरचं (खरेदी आदेशावरचं) वर्णन जुळत नाही म्हणून मी चौदा वर्षं ट्रक गेटवरून परत पाठवले आहेत! हे पत्र मी ऑफिसात कुणाला दाखवलं नाही. त्याच दिवशी मित्राच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही घेतली आणि रात्री उत्तर पाठवलं. तुम्ही करताना नाव एकदाच टाइप करा आणि सगळीकडे तेच चिकटवा.

दरम्यान एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीत ओळखीतून वेळ मिळाली. ११ नोव्हेंबर, मंगळवार. मी सुट्टी टाकली, मित्राने तास बदलून घेतले, सकाळची डेक्कन क्वीन, दादरला उतरून अंधेरी. स्वागतकक्षात एक तास वीस मिनिटं बसलो. शनीपर्यंत संदेश पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. मित्र कानात म्हणाला, “दारात केलेला आपला नमस्कार आता टायटनवर उतरला असेल.” मला हसू आवरेना आणि नेमकं तेव्हाच आत बोलावलं.

बैठक बारा मिनिटांची. समोरची दोघं सभ्य होती, आराखडा चाळलाही होता. “मॅडम, यात व्हिलन कोण?” मी म्हटलं, मुदत संपलेला भाडेपट्टा. ती हसली, त्याने काहीतरी लिहून घेतलं. मग हे मंगळावर करता येईल का, असं विचारलं. मंगळ लोकांना माहीत असतो. मग मराठीत अवकाश म्हणजे खर्चाचं गणित कसं बसणार. मित्राने उडण्याचा प्रसंग सांगितला. टायटनवर हवा दाट आणि गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्शाइतकं, त्यामुळे हाताला पंख बांधून माणूस स्वतःच्या बळावर उडू शकेल. आमच्या पाचव्या भागात घरं रिकामी करण्याची नोटीस बजावायला येणारा कारकून पंख लावून उडत येतो, खांद्याला पिशवी. त्यावर दोघंही मनापासून हसली. मला वाटलं, जमलं. आठ दिवसांनी दोन ओळींचा नकार आला. परतीच्या गाडीत आम्ही कांदेभजी खाऊन ठरवून टाकलं होतं की कुणाला कास्ट करायचं. ती यादी अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही.

२२ नोव्हेंबरला, शनिवारी, मित्राने त्याच्या कॉलेजची दुर्बीण गच्चीवर लावली. त्या दिवसांत शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ आडवी दिसत होती, सुईच्या टोकाइतकी बारीक. बाजूला एक फिकट टिंब. तो म्हणाला, हा टायटन. दीड वर्ष ज्या जागेच्या पाणीपट्टीचे दर मी ठरवत होते ती जागा टिंबाएवढी दिसली आणि मला कसंतरी झालं. काय झालं ते सांगता येत नाही. मी बराच वेळ डोळा काढला नाही, शेवटी वॉचमन विचारायला आला की अजून किती वेळ.

तिथेच तो म्हणाला की हायगेन्स यानावर आवाज टिपणारं यंत्र होतं. घरी येऊन ते ऐकलं. खाली उतरताना घोंघावणारी हवा, नुसती सूं. दुसऱ्या जगातला वारा आणि ऐकताना शेजारच्या फ्लॅटमधल्या मिक्सरचा आवाज त्यात मिसळलेला. दाट हवेचा तो चंद्र ऐकण्याजोगा आहे. मग दाखवायचं कशाला, ऐकवू या. रात्री साडेअकराला मालिका श्राव्य झाली आणि खर्चाचं गणित एका फटक्यात सुटलं.

डिसेंबरचे तीन रविवार ध्वनिमुद्रण. सदाशिव पेठेत एका फ्लॅटमध्ये भिंतींना गाद्या लावून केलेला स्टुडिओ, तासाला सातशे. अकरा तास लागले. कलाकार प्रायोगिक नाटकांतले, प्रवासखर्च आणि मिसळीवर आले. संवाद पाच तासांत झाले. उरलेले सहा तास मुख्यतः एका पावसाने खाल्ले.

त्याचं असं झालं. पहिल्या भागात पत्र्याच्या घरावर पाऊस पडतो. मुद्रण करणाऱ्या मुलाने त्याच्या संग्रहातला पाऊस लावला, चांगला कोकणातला. मित्र म्हणाला, नाही. टायटनवर मिथेनचा थेंब जवळजवळ एक सेंटिमीटरचा होऊ शकतो आणि सेकंदाला दीड-पावणेदोन मीटरने खाली येतो. म्हणजे माणसाच्या चालीने. आपला मोठा थेंब त्याच्या पाचपट वेगाने आदळतो. थोडक्यात मोठे, जड, आळशी थेंब. मग काय काय केलं! पत्र्यावर साबुदाणा टाकला, फार कोरडा. भिजवलेला टाकला, चिकटला. ओल्या कापसाचे बोळे टाकले, आवाजच नाही. शेवटी त्या मुलाने तेलाचा रिकामा चौकोनी डबा आडवा ठेवला, वर जुना बनियन पसरला आणि पाण्याने भरलेल्या कॅरीबॅगला टाचणीने सहा भोकं पाडून ती वीतभर वर धरली. टप्प. टप्प टप्प. मध्ये विचार केल्यासारखी विश्रांती. पुन्हा टप्प. तिघंही गप्प झालो. हात दुखेपर्यंत आळीपाळीने पिशवी धरली आणि चार मिनिटं मुद्रित केली.

सगळा खर्च, असोसिएशनचं सभासदत्व सोडून, पंधरा हजारांच्या थोडा वर गेला. निम्मा स्टुडिओचा. आराखड्याच्या तीन प्रती स्पायरल करून घेतल्या त्याचे नऊशे, ते मात्र वाया. आता सगळे पीडीएफच मागतात. लागलेल्या रविवारांचा हिशेब मी ठेवलेला नाही आणि घरच्यांनी ठेवला असेल तर मला सांगितलेला नाही. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी ऑफिसात वार्षिक स्टॉकटेकिंग चालू होतं, मी ईमेल बेअरिंगच्या रॅकमागे उभी राहून उघडला.

पहिला भाग आता दोन श्राव्य मंचांकडे पाठवला आहे. एकाने पोच दिली आहे, दुसऱ्याने तीही नाही.

रविवारी तो आत्याला ऐकवला. तिला इअरफोन नको असतात, म्हणून स्टीलच्या पातेल्यात फोन ठेवला, आवाज मोठा येतो. बत्तीस मिनिटं ती मांडीवरची मेथी निवडत ऐकत होती. पाऊस सुरू झाला तशी थांबली.

“पत्र्यावर पाऊस आहे ना? मग यांचं बोलणं ऐकू कसं येतंय? आमच्याकडे सर आली की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागायचं.”

मी थेंबांचं सांगितलं. हळू पडतात म्हणाले.

“बरं आहे मग तिथे,” म्हणाली. दोन जुड्या निवडून झाल्यावर विचारलं, “आणि जागा झाली का त्यांच्या नावावर?”

“आठव्या भागात सुनावणी लागते.”

“तारीख मिळाली?”

“दुसऱ्या सीझनची.”